पुन्हा आमच्या बोटीवर



आम्ही दोघे म्हातारा-म्हातारी अश्दोदच्या मरीनात एका नऊ मीटरच्या जुन्या शिडाच्या बोटीवर राहतो, हे आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक आहे. "बरं घर सोडून पाण्यात कसले राहता?" असे विचारणारेही कमी नाहीत. यंदा हनुक्कानंतर मात्र आम्हालाच वाटले, की हे राहणे आता संपले.

झाले असे. शिडाचा दोर ओढताना ह्यांना घेरी येऊ लागली. आम्ही म्हटले, वय झाले, चालायचेच. एके सकाळी बोटीवरून धक्क्यावर उतरताना हे फळीवरच मटकन बसले. नाडी मोजली तर मिनिटाला फक्त 38 ठोके! डॉक्टर म्हणाले, पेसमेकर बसवावा लागेल.

बालमित्रांनो, पेसमेकर म्हणजे काडेपेटीएवढे एक यंत्र. गळ्याच्या हाडाखाली कातडीच्या आत ते ठेवतात आणि त्याची बारीक तार शिरेतून हृदयापर्यंत नेतात. हृदय आळस करू लागले की यंत्र त्याला हळूच टोचणी देते, "अरे, चल!" हृदय आपले काम नीट करत असले तर यंत्र गप्प बसते. बॅटरी साधारण दहा वर्षे पुरते. ह्यांना पूर्ण भूलसुद्धा दिली नाही, फक्त तेवढी जागा बधिर केली. तासाभरात काम झाले.

खरी परीक्षा पुढेच होती. नवी तार हृदयात घट्ट बसेपर्यंत सहा आठवडे डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, जड उचलायचे नाही. आता सांगा, शीड चढवायचे तर हात डोक्यावर न नेता कसे चढवणार? शिवाय बोटीवर हलत्या पायांनी चढायचे. म्हणून आम्ही रामलेला लेकीकडे राहिलो, तिसऱ्या मजल्यावर. लेकीने काही कमी केले नाही. पण रोज जेवताना एकच, "आई, ती बोट विकून टाका ना आता." आम्ही उत्तर देत नव्हतो. रात्री वारा सुटला की हे उठून बसायचे, "अगं, दोर घट्ट असतील ना?" शेजारच्या बोटीवाल्याला फोन करून विचारायचे. खरे सांगायचे तर भीती आम्हालाही होती. लेकीला ती कबूल करत नव्हतो, आणि एकमेकांनाही नाही.

पुरीमच्या सुमारास डॉक्टरांनी तपासून सांगितले, बोटीवर जायला हरकत नाही. हात वर न्या, पण हिसका देऊन दोर ओढणे इतक्यात नको. चालू इंजिनावर ओणवे व्हायचे नाही. मोबाईल छातीच्या खिशात ठेवायचा नाही. पेसमेकरचे कार्ड नेहमी जवळ हवे.

त्या शब्बाथला सिनेगॉगमध्ये ह्यांनी हगोमेलची बेराखा म्हटली. आपल्या शास्त्रात चौघांनी ही बेराखा म्हणायची असते : समुद्रप्रवास करून आलेल्याने, वाळवंट ओलांडलेल्याने, आजारातून उठलेल्याने आणि कैदेतून सुटलेल्याने. नातवाने विचारले, "सबा, तुमची कुठली?" हे म्हणाले, "आजाराची. समुद्रावर तर आता जायचंय!" घरी मलिदा केला. पोहे, ओले खोबरे, साखर, वेलची, फळे, सगळे एलियाहू हन्नबीच्या नावाने. नवगावच्या किनाऱ्यावर फुटक्या गलबतातून वाचलेल्या सात जोडप्यांची आपण लेकरे, असे आपले वाडवडील सांगत आले. पाण्याचे भय आणि पाण्याची ओढ दोन्ही आपल्यात असणारच!

मग आम्ही बोटीवर आलो. पूर्वी हे उडी मारून आधी चढायचे आणि मला हात द्यायचे. या वेळी मी आधी चढले आणि ह्यांना हात दिला. हात धरला त्यांनी, पण चहा होईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मीही बोलले नाही.

दोन दिवसांनी वारा मंद होता. कामाची वाटणी बदलली, सुकाणू ह्यांच्याकडे, दोर माझ्याकडे. इतक्या वर्षांत शीड मी कधी चढवले नव्हते. अर्ध्यावर अडकले. हे सवयीने उठले आणि डावा हात वर गेला. मी ओरडले, "अहो, खाली बसा!" सगळ्या धक्क्याने ऐकले असेल. क्षणभर हे रागावले, मग एवढे हसले की आम्हा दोघांच्या डोळ्यांत पाणी आले. पाच मिनिटांच्या कामाला मला अर्धा तास लागला. पण शीड चढले. तासभर बंदराच्या जवळपासच फिरलो आणि परत आलो.

संध्याकाळी बुरीचे नारळाच्या रसातले कालवण केले. बुरी म्हणजे आपली बोय हो! जेवताना ह्यांना अलिबाग आठवले. तिथे ओहोटीला मचवे चिखलात बसत आणि कुलाबा किल्ल्यापर्यंत पायी जाता येई. इथल्या समुद्राला भरती-ओहोटी जेमतेम दीड फुटाची. हे म्हणाले, "रुतलेला मचवा कोणी ढकलत बसत नसे. भरतीची वाट बघत. इथे येऊन मी ते विसरलो होतो."

बोट विकलेली नाही. लेकीला रोज रात्री फोन करायचा, एवढे कबूल केले आहे. घेरी आली तर "वय झाले" म्हणून सोडून देऊ नका, नाडी मोजा, डॉक्टरकडे जा, एवढेच सांगण्यासाठी हे लिहिले. आणि मुलांनो, आजी-आजोबांनी हात पुढे केला तर धरा, पण गाजावाजा न करता.

सर्वांना उत्तम आरोग्य लाभो. शालोम.