चुकांसकट नक्कल

दुकानात विकल्या गेलेल्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटला रंगीत लेबल असतं, खोका असतो, माहितीपुस्तिका असते. प्रोटोटाइप कॅसेटला यातलं काही नसतं. गेम तयार होत असताना कंपनीने चाचणीसाठी किंवा मासिकांच्या समीक्षकांना दाखवण्यासाठी मोजक्या प्रती बनवलेल्या असतात. उघडा बोर्ड, त्यावर बसवलेल्या चिप्स आणि प्रत्येक चिपवर पेनाने तारीख लिहिलेलं स्टिकर. काम झालं की या प्रती पुसून पुन्हा वापरायच्या किंवा फेकून द्यायच्या. ज्या उरल्या, त्या बहुतेक कुणाच्या तरी खणात विसरल्या म्हणून उरल्या. मी कॅलिफोर्नियात हार्डवेअरची नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी इथल्या संग्राहकांसाठी अशा कॅसेटमधला मजकूर वाचून देतो.

चिपवरचं स्टिकर नुसतं नावापुरतं नसतं. त्याच्याखाली क्वार्ट्झची छोटी गोल खिडकी असते. ही ईप्रॉम चिप १९७१ मध्ये इंटेलच्या डोव्ह फ्रोमन यांनी शोधली. डिप्लोमाला असताना आमच्या प्रयोगशाळेतल्या ८०८५ मायक्रोप्रोसेसरच्या किटवर हीच असायची. प्रोग्रॅम चुकला की अतिनील दिव्याच्या पेटीत पंधरा-वीस मिनिटं ठेवायची, की पाटी कोरी. तेव्हा ही सोय वाटायची, आज तिचीच धास्ती वाटते. या चिपमधला प्रत्येक बिट म्हणजे इन्सुलेशनमध्ये कोंडलेला किंचितसा विद्युतभार. भार असेल तर शून्य, निघून गेला तर एक. खिडकी उघडी राहिली तर थेट उन्हात आठवडाभरात आणि खोलीतल्या ट्यूबलाइटखाली तीनेक वर्षांत मजकूर पुसला जाऊ शकतो, असं चिप बनवणारेच सांगत. स्टिकर असलं तरी भार दशकांच्या हिशेबात हळूहळू गळतोच. दुकानातल्या कॅसेटमध्ये मजकूर कारखान्यातच चिपच्या रचनेत घडवलेला असतो, तिथे गळायला काही नसतं. म्हणजे ज्याच्या लाखो प्रती आहेत ते टिकाऊ चिपवर, आणि ज्याची एकच प्रत आहे ते गळक्या चिपवर.

कॅसेट हातात आली की लोकांना ती आधी कन्सोलमध्ये घालून पाहायची असते. आपल्याकडे टीव्ही गेमच्या कॅसेटमध्ये फुंकर मारून मोठी झालेली आमची पिढी तर हमखास फुंकरच मारणार. फुंकरीतली वाफ संपर्कपट्ट्यांवर बसते आणि धातू गंजवते. म्हणून मी ती कन्सोलमध्ये घालतच नाही. आधी दोन्ही बाजूंचे फोटो घेतो, कारण स्टिकरवरची तारीख हाही पुरावा असतो. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पट्ट्या पुसतो. चिप सॉकेटमधून काढायची असेल तर दोन्ही टोकांनी आलटूनपालटून, केसाएवढी उचलत. काळवंडलेले पाय पटकन मोडतात. चिप वाचणाऱ्या यंत्रात, म्हणजे प्रोग्रामरमध्ये, चिप आपोआप ओळखण्याची सोय असते, ती मी वापरत नाही. त्यासाठी चिपच्या एका पायावर १२ व्होल्टच्या आसपास दाब दिला जातो, आणि म्हातारी चिप तो सोसेलच असं नाही.

वाचन परत परत करतो आणि फाइली एकमेकींशी ताडून पाहतो. प्रत्येक वेळी वेगळं उत्तर आलं तर कुठले बिट डळमळताहेत ते कळतं. मग पुरवठ्याचा दाब ५ व्होल्टवरून थोडा खाली आणतो. भार कमी उरलेला शून्य पूर्ण दाबाखाली एक वाटू लागलेला असतो, दाब उतरवला की कधीकधी तो पुन्हा शून्य म्हणून ओळखू येतो.

पण खरा चकवा वेगळाच आहे. दहा वाचनं तंतोतंत जुळली तरी सगळीच्या सगळी चुकीची असू शकतात. पत्त्याचा (अॅड्रेसचा) एक पाय सॉकेटला नीट टेकला नसेल, तर फाइलचा एक भाग दुसऱ्याची हुबेहूब पुनरावृत्ती होतो, आणि प्रत्येक वाचनात तो तसाच येतो. चेकसमही जुळतो, कारण तो फक्त वाचनं एकमेकांशी जुळली एवढंच सांगतो. म्हणून फाइल डोळ्यांखालून घालावीच लागते. सेगा कंपनीच्या मेगा ड्राइव्ह या कन्सोलच्या प्रोटोटाइपमध्ये मजकूर बहुधा सम आणि विषम पत्त्यांच्या दोन चिप्समध्ये वाटलेला असतो. सुरुवातीला कंपनीचं नाव असतं, त्यातली एस आणि जी ही अक्षरं एका चिपमध्ये, ई आणि ए दुसरीत. ती जुळून ‘सेगा’ वाचता आलं की निदान जोडणी योग्य आहे एवढी खात्री होते.

मेगा ड्राइव्हच्या कॅसेटमध्ये आत नोंदलेलाही एक चेकसम असतो. अर्धवट गेममध्ये तो बहुधा चुकीचा असतो, कारण घाईत असलेल्या प्रोग्रॅमरने तो भरलेलाच नसतो. इथे हात शिवशिवतात. चार आकडे बदलले की फाइल ‘दुरुस्त’ होईल, आणखी थोडे बदलले की मोडलेला टप्पाही चालू लागेल. तसं करायचं नसतं. पुण्यात भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा न निवडलेले पाठभेदही तळटीपांत नोंदवून ठेवले. पोथीतली चूक ती पोथी कुठल्या परंपरेतली आहे हे सांगते. प्रोटोटाइपमधली चूक गेम कसा घडला हे सांगते, म्हणून तीही उतरवायची.

हे पाठभेद किती बोलके असतात याचं उदाहरण म्हणजे ‘सॉनिक २’. हा गेम १९९२ मध्ये आला. १९९९ मध्ये त्याची एक अर्धवट आवृत्ती चाहत्यांच्या हाती लागली आणि अंतिम गेममधून वगळलेला ‘हिडन पॅलेस’ हा टप्पा त्यांना प्रत्यक्ष खेळता आला. निन्टेन्डोच्या ‘मदर’चं इंग्रजी रूपांतर १९९० मध्ये तयार होऊनही प्रकाशित झालं नाही. १९९८ मध्ये काही हौशी मंडळींनी वर्गणी जमवून त्याचा प्रोटोटाइप वाचून घेतला. तो बनावट असल्याचा संशय तेव्हा बऱ्याच जणांना होता. अखेर २०१५ मध्ये निन्टेन्डोनेच तो गेम अधिकृतपणे प्रकाशित केला.

फाइल प्रसिद्ध करायला कचरणाऱ्या संग्राहकाची अडचण मला कळते. या बाजारात पैसा मोठा आहे: निन्टेन्डो आणि सोनी यांच्या कधीच बाजारात न आलेल्या कन्सोलचा प्रोटोटाइप २०२० मध्ये ३,६०,००० डॉलरला विकला गेला. नक्कल फुटली तर आपल्या प्रतीची किंमत उतरेल, अशी भीती त्याला वाटते. शिवाय गेमचा हक्क कंपनीकडे असतो, त्याच्याकडे नव्हे. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनच्या २०२३ च्या अभ्यासानुसार तिथे २०१० पूर्वी प्रकाशित झालेले ८७ टक्के जुने गेम तेव्हा बाजारात विकत मिळत नव्हते. बाजारात येऊन गेलेल्या गेमची ही गत, तर कधीच न आलेल्यांची जबाबदारी कोण घेणार? तरीही मी कुणाला फाइल प्रसिद्ध करण्याचा आग्रह करत नाही. फाइल मालकाच्या हातात देतो आणि विषय तिथे संपवतो. प्रसिद्ध करायचं की नाही हा वाद वीस वर्षं चालला तरी हरकत नाही. वाचन मात्र आजच व्हायला हवं, कारण एकदा बिट गळाले की वाद घालायलाही काही उरत नाही.

तुमच्या घरात, कारखान्यात अशी खिडकीवाली चिप असेल, गेमची असो, जुन्या सीएनसी यंत्राची असो की कॉलेजच्या किटवरची, तर तिचं स्टिकर काढू नका. निघालं असेल तर खिडकीवर अपारदर्शक पट्टी लावा. जाणकाराकडून ती वाचून घ्या आणि फाइल दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. प्रोग्रामर काही हजार रुपयांत मिळतो, आणि ३२ किलोबाइटची चिप वाचायला मिनिटभरही लागत नाही.