भाकिताची चिठ्ठी

१५ जुलै हा शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांचा जन्मदिवस. महाराष्ट्रात तो कबड्डी दिन म्हणून साजरा होतो. आमच्या मराठी विभागात त्या दिवशी एक छोटासा गुप्त विधी पार पडतो. आपल्या महाविद्यालयाचा संघ यंदा कुठवर जाईल, हे आम्ही दोघे सहकारी आपापल्या चिठ्ठीवर लिहितो आणि दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात, 'भाकीत' हा शब्द जिथे येतो त्या पानात ती चिठ्ठी ठेवून देतो. हंगाम संपला की चिठ्ठ्या उघडायच्या, आणि ज्याचे चुकले त्याने विभागाला चहा पाजायचा. गेली नऊ वर्षे चहाचा खर्च आम्ही निम्मा-निम्मा वाटून घेत आहोत. कारण दोघेही दरवर्षी न चुकता 'विजेतेपद' असेच लिहितो.

कुरुंदकरांच्या नांदेडात मराठी शिकवणाऱ्यांनी असल्या नादी लागावे, हे काहींना रुचणार नाही. पण वाचकहो, समीक्षकाला संहिता पूर्ण झाल्यावर बोलायचे असते. पहिले पानही उलटलेले नसताना शेवट छातीठोकपणे सांगायचे सुख चाहत्यालाच मिळते. वर्षभर तोलूनमापून विधाने करणाऱ्या आमच्यासारख्यांना ते सुख फार लागते. असो.

विष्णुपुरीत हंगामाची चाहूल पावसाबरोबर लागते. बंधाऱ्याचे दरवाजे उघडल्याची बातमी येते, काळेश्वराच्या घाटावर गर्दी वाढते, आणि आमच्या मैदानावरची माती पाय रुतण्याइतकी मऊ होते. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे येतात. तिथल्या महाविद्यालयांशी झुंजून जे नजरेत भरतात, ते विद्यापीठाच्या संघातून पश्चिम विभागीय स्पर्धेला जातात. सामने मॅटवर होतात. आमची मुले सराव करतात मातीवर. मॅटवर पहिल्या दिवशी त्यांचे पाय अडखळतात. तरीही दरवर्षी आम्हांला वाटते, की यंदा नाही अडखळायचे.

यंदाचा संघ तसा बरा आहे. डावा कोपरा कंधारचा. घोट्याची पकड अशी, की सुटलेला चढाईपटू आम्ही क्वचितच पाहिला. समोर तीनच गडी उरले की त्याला जास्तच चेव येतो. अव्वल पकडीचा जादा गुण त्याच्यासाठीच ठेवला असावा. उजवा कोपरा नवा आहे, घाई करतो. लोह्याचा दुसरा चढाईपटू चपळ आहे. पण सोयाबीन काढणीला आले, की आठ-आठ दिवस त्याचा पत्ता नसतो. (आमच्या संघाचे खरे वेळापत्रक विद्यापीठ काढत नाही, ते शेत काढते.) भाकीत अडते ते मात्र पहिल्या चढाईपटूपाशी.

गेल्या वर्षीच्या उपांत्य सामन्यात शेवटचे मिनिट, गुण समसमान, आणि 'करो या मरो'ची चढाई. त्याने बोनस रेषेपलीकडे पाऊल टाकले, दुसरा पाय हवेत उचलला आणि हात उंचावून परतला. पंचांचा हात मात्र वर गेला नाही. बोनससाठी समोर किमान सहा गडी लागतात. तिथे पाचच होते. चढाई रिकामी ठरली, तो बाद झाला आणि आम्ही एका गुणाने हरलो. परतीच्या गाडीत तो कुणाशीच बोलला नाही. आम्हीही बोललो नाही, आणि ते आमचे चुकलेच.

तो आता पोलीस भरतीची तयारी करतो आहे. घरी दोन एकर कोरडवाहू, पाठची बहीण बारावीला. १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक मिळून मैदानी चाचणीचे ५० गुण; त्यांची त्याला चिंता नाही. चिंता आहे ती १०० गुणांच्या लेखी परीक्षेची, आणि तीत मराठी व्याकरणही असते. म्हणून जूनपासून तो आठवड्यातून दोनदा विभागात येऊन बसतो. परवा आम्ही भावे प्रयोगाचे पिढीजात उदाहरण दिले : शिपायाने चोरास पकडले. त्याने ते वहीत उतरवून घेतले, क्षणभर थांबला आणि म्हणाला, "सर, चोरानं शिपायाला चकवलं, तर कोन्ता प्रयोग?"

प्रयोग तोच. पण दोन्ही वाक्यांत एकाच वेळी कर्ता होणे त्याला परवडणारे नाही. गुडघा दुखावला तर हंगामाबरोबर भरतीही जाईल. "यंदा खेळू नकोस," असे आम्हीच त्याला सांगितले. सांगताना आवाज शिक्षकांचा होता. आतला चाहता मात्र तेव्हा गप्प बसून होता. त्याच्यावाचून संघ उपांत्यपूर्व फेरीपलीकडे जात नाही, हे आम्हांला लख्ख दिसते आहे. म्हणजे आमच्या संघाची हार व्हावी, कारण तिच्यातच त्याची वर्दी आहे, असे भाकीत यंदा लिहायचे. १५ जुलैला एका चिठ्ठीवर 'उपांत्यपूर्व' असे लिहिले गेले. दुसरी कोरीच घडी घालून ठेवावी लागली.

काल तो आला तेव्हा पँटचा गुडघा मातीने माखलेला होता, आणि बसताना त्याने तो पाय किंचित लांब ठेवला. घसरलो, म्हणाला. विद्यापीठाच्या रस्त्यावर तो पहाटे धावतो हे खरे. पण तो रस्ता डांबरी आहे आणि ही माती तांबूस, आमच्या मैदानावर आणून टाकलेली. रागवायला हवे होते. आम्ही एकमेकांकडे पाहिले, आणि दोघांच्याही चेहऱ्यावर जे होते तो राग नव्हता. मग घाईघाईने त्याला बहुव्रीही समासाची दहा उदाहरणे सोडवायला दिली.

बाहेर सरावाची शिट्टी वाजली. चौथ्या उदाहरणावर त्याचे पेन थांबले होते.