घर फिरतं, पण थांबायचं कुठे?

मोटरहोम घ्यायचं की फ्लॅटचं डाउन पेमेंट भरायचं? निर्णयाआधी धाराशिव जिल्ह्यात मारलेली चार दिवसांची चक्कर.

सोमवारच्या मीटिंगमध्ये बॉस स्लाइड बदलत असतो आणि आपण टेबलाखाली मोबाइलवर मोटरहोमचे व्हिडिओ बघत असतो. खोटं बोलू नका, तुम्हीही बघता. मागचं दार उघडलं की समोर तलाव, हातात कॉफीचा मग, पायाशी पांढरी चादर. ना ईएमआय, ना सोसायटीचा मेंटेनन्स, ना शेजारच्यांचा मिक्सर.

आमच्या घरात हे वेड नवरोबांच्या डोक्यात शिरलं. हिंजवडीजवळच्या वन बीएचकेसाठी जमवलेले पैसे एफडीत पडून आहेत. त्यातून एक जुनी डिलिव्हरी व्हॅन घ्यायची, तिच्यात बेड, ओटा आणि छोटं टॉयलेट बसवायचं, मी लिहायचं, त्याने लॅपटॉपवर काम करायचं आणि देशभर हिंडायचं, असा एकूण प्लॅन. मी म्हटलं, आधी चार दिवस भाड्याने घेऊन बघू. आणि गोवा-लोणावळा नको. तिथे सगळं हाताशी मिळतं. जिथे मोटरहोमची सवय कुणालाच नाही अशा ठिकाणी जाऊ. म्हणून फेब्रुवारीत धाराशिव. रस्ते चांगले, बघायला किल्ला, लेणी, देवस्थान आणि दोन हजार वर्षांचं जुनं गाव. पुण्याहून सोलापूरपर्यंत सरळ हायवे.

आधी कागद, मग पडदे

निघण्यापूर्वी मी आरटीओचे नियम चाळले आणि आमचा अर्धा रोमान्स तिथेच उतरला.

व्हॅन घेऊन आपल्या मनाने घर करता येत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसी बुकावर जी गाडी लिहिली आहे, ती प्रत्यक्षात वेगळी झालेली चालत नाही. बदल करायचा तर आरटीओची मंजुरी आणि आरसीवर तशी नोंद हवी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदल केल्यास मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. ओटा, टॉयलेट, छतावरची खिडकी... मोजा तुम्हीच.

कायद्यात मोटरहोमला जागाच नाही असं मात्र नाही. केंद्राच्या २००४ च्या अधिसूचनेत खासगी वापराची कॅम्पर व्हॅन ही 'बिगर-वाहतूक' गाड्यांच्या यादीत आहे. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ नावाचं वेगळं तांत्रिक मानकही आहे. म्हणजे मान्यताप्राप्त बिल्डरकडून, मंजूर डिझाइनची गाडी घेतली तर पांढऱ्या पाटीवर ती तुमच्या नावावर होऊ शकते. गल्लीतल्या सुताराकडून फर्निचर ठोकून घेतलं तर तो नुसता शौक राहतो. वर इन्शुरन्स कंपनीला बदल कळवला नसेल तर अपघातानंतर क्लेम अडकण्याची भीती वेगळीच.

लायसन्सची काळजी त्यामानाने कमी. ७५०० किलोपर्यंतचं वाहन हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने याच लायसन्सवर त्या वजनापर्यंतची व्यावसायिक गाडीही चालवता येते असं स्पष्ट केलं. दुसऱ्या राज्यात मुक्काम १२ महिन्यांच्या वर गेला की मात्र नव्याने नोंदणी. 'देशभर हिंडायचं' म्हणणाऱ्यांनी ही ओळ दोनदा वाचावी.

आम्ही भाड्याने घेतलेली गाडी पिवळ्या पाटीची, ड्रायव्हरसकट. व्हिडिओत न दिसणारी पहिली गोष्ट इथे कळली. तुमच्या दोघांच्या खासगी स्वप्नात एक तिसरा माणूस पुढच्या सीटवर झोपलेला असतो. त्यालाही पाणी लागतं, बाथरूम लागतं.

नळदुर्ग: जुनं प्लंबिंग, नवं प्लंबिंग

सोलापूरहून हैदराबादच्या दिशेने साधारण तासाभरात नळदुर्ग. बोरी नदी वळवून, तिच्यावर बंधारा घालून किल्ल्याला पाण्याची तटबंदी केली आहे. त्या बंधाऱ्याच्या पोटात पाणी महाल आहे, १६१३ चा, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला. चांगल्या पावसाळ्यात नर आणि मादी नावाचे दोन धबधबे डोक्यावरून कोसळतात आणि आतल्या दालनात माणूस कोरडा उभा राहतो. फेब्रुवारीत धबधबे नव्हते, पण चारशे वर्षांपूर्वीचं ते काम बघून मान आपोआप झुकते. आमच्या गाडीतल्या सिंकखालचा पाइप पहिल्याच संध्याकाळी गळायला लागला होता, हेही सांगून टाकते.

किल्ला संरक्षित स्मारक आहे, संध्याकाळी दार बंद. तिथे मुक्काम नाही, आणि नसावाच. मग रात्री गाडी लावायची कुठे? 'कुठेही' हे उत्तर फक्त व्हिडिओत असतं. हायवेच्या कडेला ट्रकांची भीती, शेतात शिरलो तर मालकाची परवानगी हवी. शेवटी एका पेट्रोल पंपाच्या मागच्या बाजूला जागा मिळाली, सिक्युरिटीवाल्या काकांना विचारून. रात्री दीडला काचेवर टकटक. गस्तीवरचे दोन पोलीस. आरसी, परमिट, लायसन्स बघितलं, आत टॉर्च मारला आणि त्यातले एक म्हणाले, "लॉज आहे की पुढं. पैसे देऊन गाडीत कशाला झोपताय?" खरं सांगू? त्या क्षणी मला नीट उत्तर सुचलं नाही.

तुळजापूर: सगळेच मोटरहोमवाले

दुसरा मुक्काम तुळजापूर. भाविकांच्या गाड्यांच्या वाहनतळात आमची चकचकीत गाडी मध्ये, आणि एका बाजूला कर्नाटकातून आलेला टेम्पो. त्यात तीन पिढ्या. ताडपत्रीचं छप्पर, खाली सतरंज्या, एका कोपऱ्यात पिंपभर पाणी, दुसऱ्या कोपऱ्यात पिठाचा डबा. वीस मिनिटांत त्यांची भाकरी तव्यावर होती. आमचा इंडक्शन तोवर 'लो बॅटरी' दाखवत होता.

बॅटरीचं गणित ऐकून ठेवा. १२ व्होल्टची १०० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे १.२ युनिट वीज. एक टनाचा एसी त्यावर जेमतेम तासभर चालतो. म्हणजे एसी हवा तर बाहेरून १५ अँपिअरचा प्लग हवा, आणि तो देणारा माणूस हवा. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशीच्या आसपास असतो. तेव्हा पत्र्याच्या डब्यात काय होईल, विचार करा.

तुळजापूरला यायचं तर तारीख बघून या. नवरात्रात गावात गाडी घालणं अवघड. कोजागरीच्या सुमारास सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर पायी चालणाऱ्यांचा पूर असतो आणि वाहतूक दुसरीकडून वळवतात. तेव्हा रस्ता चालणाऱ्यांचा. आपलं फिरतं घर घरीच बरं.

तेर: बैलगाड्यांचा एक्स्पोर्ट

धाराशिव शहराजवळची लेणी बघून आम्ही तेरला गेलो. संत गोरोबाकाकांचं गाव. त्याआधीचं नाव तगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात तगरचा उल्लेख आहे. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं गाव, इथलं कापड गाड्यांतून, रस्ते नसलेल्या मुलखातून भडोच बंदराला जायचं. इथल्या लामतुरे संग्रहालयात सातवाहनकाळच्या वस्तू आहेत, चुकवू नका.

गाड्यांचं गाव असलं तरी आमची गाडी काही गावात शिरली नाही. जवळपास दहा फूट उंची, वर विजेच्या तारा आणि पुढे एका घराचा सज्जा. ड्रायव्हरदादांनी शांतपणे रिव्हर्स टाकला. गाडी फाट्यावर, आम्ही पायी. मोटरहोमने फिरताना शेवटचा किलोमीटर पायी किंवा रिक्षाने, हे धरूनच चाला.

शंभर लिटर

आता मुद्द्याचं. आमची टाकी शंभर लिटरची. तीन माणसं, रोज एकेक बादली आंघोळ, भांडी, टॉयलेट. जपून वापरलं तरी दोन दिवस. तिसऱ्या दिवशी येरमाळ्याच्या पुढे टाकी रिकामी.

हा पर्जन्यछायेचा जिल्हा. शेजारच्या लातूरला २०१६ मध्ये रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. याच जिल्ह्यात सप्टेंबर २०२५ मध्ये भूम-परंड्याकडे पुरानं शेतं खरवडून नेली. पाणी इथे कधी नसतं, कधी अंगावर येतं. अशा ठिकाणी शहरातून आलेल्या गाडीनं 'शंभर लिटर देता का' म्हणणं जिभेवर जड जातं.

एका वस्तीवर आजी ओसरीवर बसल्या होत्या, सोबत दोन नातवंडं. विचारल्यावर त्यांनी बोअरची मोटर चालू केली. पैसे घेतले नाहीत. टाकी भरेपर्यंत त्यांनी गाडीत डोकावून सगळं बघितलं. बेड, ओटा, पडदे.

"किती दिस ऱ्हाता ह्याच्यात?"

"चार दिवस, आजी."

त्या हसल्या. "माझं लेक अन् सून पाच म्हैने ऱ्हातेत. कारखान्यावर. कोपीत."

ऊसतोड. या पट्ट्यातून दसरा-दिवाळीनंतर जोडपी मुकादमाकडून उचल घेऊन कारखान्यांकडे जातात. भांडीकुंडी, शेळी, कधी लेकरंही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. नवरा-बायकोच्या जोडीला तिकडे 'कोयता' म्हणतात, एक कोयता. फिरतं घर म्हणजे स्वातंत्र्य, असं आम्ही पुण्यात बसून ठरवलं होतं. त्या ओसरीवर ते वाक्य तोंडातून काढायची माझी हिंमत झाली नाही. नवराही निघताना गप्प होता. कुंथलगिरीचा खवा घेतला तेव्हा कुठे बोलायला लागला.

मग, घ्यायचं का?

आम्ही ठरवलं, सध्या नाही. एफडी आहे तिथेच राहील. सौंदर्य कमी पडलं म्हणून नाही, माणसं वाईट भेटली म्हणून तर मुळीच नाही. उलट चारही रात्री आम्ही कुणाच्या ना कुणाच्या चांगुलपणावर काढल्या. पेट्रोल पंपावरचे काका, गस्तीचे पोलीस, आजी. पण चार दिवसांच्या पाहुण्याला जे मिळतं, ते वर्षभर हक्काने मागता येत नाही. गाडीची किंमत शोरूममध्ये कळते. रोज रात्रीची जागा, पाणी, प्लग आणि टॉयलेटची टाकी रिकामी करायची सोय यांची किंमत रस्त्यावर कळते.

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन धोरण आणलं. त्यात गाड्यांबरोबर कॅराव्हॅन पार्कचाही विचार आहे. आम्हाला या चार दिवसांत वाटेत एकही पार्क दिसला नाही. खरं तर लागतं किती? नळदुर्गजवळ आंब्याखाली चार गाड्यांची जागा, एक नळ, एक प्लग, एक शोषखड्डा असलेलं टॉयलेट आणि भाकरी-पिठलं देणारं घर. रात्रीचे पैसे त्या घराला. असा एक जरी पार्क झाला, तर आम्ही पुन्हा गाडी भाड्याने घेऊन पहिले हजर.

जायचं असेल तर

• नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात ओढ्या-नदीच्या पात्रालगत गाडी लावू नका.

• आरसी, परमिट, इन्शुरन्स, पीयूसी यांच्या प्रती हाताशी ठेवा. रात्री कुठे थांबलात ते जवळच्या पोलीस ठाण्यात कळवलं तर झोप शांत लागते.

• घरचा १४.२ किलोचा सिलिंडर गाडीत नको. पाच किलोचा छोटा घ्या. स्वयंपाक दार-खिडकी उघडी ठेवून. झोपताना शेगडी, हीटर बंद.

• फास्टॅगचा वर्ग तपासा. मिनीबसच्या वर्गात गाडी असेल तर टोल कारपेक्षा जास्त. १५ ऑगस्ट २०२५ ला ३००० रुपयांना सुरू झालेला वार्षिक पास फक्त खासगी कार-जीप-व्हॅनसाठी आहे, पिवळ्या पाटीला नाही.

• गाडी चालू असताना बेडवर कुणी झोपायचं नाही. सीट आणि बेल्ट.

• टॉयलेटची टाकी ओढ्यात किंवा शेतात ओतू नका. लॉज किंवा पंपावर विचारून, पैसे देऊन रिकामी करा.

• पाणी मागताना आधी विचारा, "तुम्हाला पुरतंय ना?" मगच पाइप लावा.