मास्टर विठ्ठल आणि माझा एक विद्यार्थी



सुट्टीत नातू धारूरला आला होता. दिवसभर मोबाईलवर ब्रूस ली! "आबा, आपल्याकडे असं कोणी होतं का?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "होतं की! मास्टर विठ्ठल."

नव्या पिढीला हे नाव ठाऊक नसणार. मूकपटांच्या काळातला हा मराठी गडी. सुरुवात कोल्हापूरला, बाबुराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत. पुढे मुंबईच्या शारदा कंपनीत तलवारबाजीच्या चित्रपटांनी त्यांना मोठं नाव दिलं. लोक त्यांना भारताचा डग्लस फेअरबँक्स म्हणत. १९३१ साली अर्देशीर इराणींनी 'आलम आरा' या पहिल्या बोलपटासाठी त्यांनाच नायक घेतलं. शारदाने करारभंगाचा दावा लावला, तेव्हा विठ्ठलांचे वकील होते बॅरिस्टर जीना!

पण गंमत पाहा. पडदा बोलू लागला आणि तलवार फिरवणाऱ्याची जीभ अडली. हिंदी-उर्दू उच्चार जमेनात, म्हणून नायकाला बराच वेळ गुंगीत दाखवावं लागलं म्हणतात. पुढे भूमिका लहान होत गेल्या. १९६९ साली ते गेले. 'आलम आरा'ची प्रतही आज कुठे शिल्लक नाही.

हे सांगताना मला माझा एक विद्यार्थी आठवला. लेझीम, कबड्डी, लाठी... अंगात नुसती वीज! पण बोलताना अडखळायचा. मी मराठीचा मास्तर, माझं सगळं मोजमाप पाठांतरावर. एकदा भर वर्गात कविता म्हणायला उभं केलं. पहिल्याच शब्दाला तो अडला, पोरं हसली, आणि खरं सांगतो, मीही हसलो. नंतर त्याने शाळा सोडली. कारण मी कधी विचारलं नाही.

बऱ्याच वर्षांनी किल्ल्याच्या वाटेवर भेटला. चार-पाच पोरांना लाठी शिकवत होता. वाकून पाया पडला. "गु... गुरुजी, पोरं ब... बघा माझी." पोरांपैकी एकही हसलं नाही. तो शब्द पुरा करेपर्यंत सगळी शांत उभी होती.

माझ्या वर्गाला मी एवढंही शिकवलं नव्हतं. त्या दिवशी माफी मागायचं माझ्या तोंडून निघालं नाही. अडखळलो तो मीच.

नातवाला एवढंच म्हटलं, "उद्या किल्ल्यावर जाऊ. एका माणसाला भेटायचंय."

असो.