दोन यंत्रांचा अबोला

घरातल्या वस्तू बिघडतात त्यालाही एक रीत असते. नळ गळू लागला की त्याखाली बादली ठेवावी लागते, पंखा कुरकुरू लागला की ते शेजाऱ्यांना आधी कळते, आणि मिक्सर बंद पडला की त्या दिवशी चटणी होत नाही. बिघाड कोठे आहे याबद्दल घरात दुमत नसते. परंतु एकाच घरातले दोन संगणक, दोन्ही ठणठणीत, दोन्हींवर इंटरनेट धो धो चाललेले, आणि तरीही एकमेकांचे तोंड पाहायला तयार नाहीत, हा प्रकार निराळा. बिघाड म्हणावा तर मोडलेले काहीच नाही. आपल्या भाषेत याला एकच शब्द चपखल बसतो, तो म्हणजे अबोला. आणि ज्याने कधी दोन नातेवाइकांचा अबोला सोडवला आहे त्याला हे ठाऊक असेल, की तेथे पहिला प्रश्न 'चूक कोणाची?' हा विचारायचा नसतो. 'शेवटचे बोलणे कधी झाले, आणि त्यानंतर घरात काय बदलले?' हा विचारायचा असतो.

माझ्या ठाण्याच्या मामांकडून मला बोलावणे आले ते अशाच एका अबोल्यापायी. मामा ब्याऐंशी वर्षांचे. शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झाल्यावर त्यांनी आमच्या आजोळचा कुळवृत्तांत लिहायला घेतला, आणि आतल्या खोलीतल्या संगणकावर तो गेली बारा वर्षे वाढतो आहे. बाहेरच्या खोलीत वहिनींचा, म्हणजे मामांच्या सुनेचा, नवा संगणक आणि घरातला एकुलता एक प्रिंटर. वहिनींनी मामांचा 'कुळवृत्तांत' हा फोल्डर आपल्या संगणकावरून उघडायचा, पाने छापायची, तांबड्या पेनाने खुणा करायच्या, आणि मामांनी त्या आत जाऊन उतरवायच्या, अशी वहिवाट होती. गणपती झाले आणि तो फोल्डर उघडेना. 'नेटवर्कचा मार्ग सापडला नाही' एवढे इंग्रजी वाक्य आणि खाली एक लांबलचक आकडा. बारा पावलांवरच्या खोलीचा मार्ग सापडत नाही म्हणजे काय!

आता तुम्ही म्हणाल, एवढे कशाला? पेन ड्राइव्ह घ्यावा आणि फाइल इकडची तिकडे न्यावी. मामांनीही तेच केले होते. महिन्याभरात घरात 'कुळवृत्तांत शेवटचा', 'कुळवृत्तांत शेवटचा दोन' आणि 'कुळवृत्तांत खरा शेवटचा' अशा तीन प्रती नांदू लागल्या. एकीत मामांची आत्या १९४८ साली वारली होती, दुसरीत १९८४ साली, आणि तिसरीत ती अद्याप हयात होती. फाइल वाटून घेणे म्हणजे तिच्या प्रती वाटणे नव्हे. प्रत एकच, ती एकाच जागी, आणि ज्याला काम आहे त्याने तेथे जाऊन करावे, यासाठी हा सारा खटाटोप असतो.

मी चहा होईपर्यंत फक्त चौकशी केली. गणपतीत इंटरनेटवाल्या माणसाने नवा राउटर बसवला होता. नव्या राउटरला वायफायची दोन नावे होती, एक घरच्यांचे आणि एक पाहुण्यांचे. आरतीला येणाऱ्या मित्रमंडळींसाठी नातवाने पाहुण्यांचे सुरू केले, आणि वहिनींचा नवा संगणकही त्यालाच जोडून टाकला. पाहुण्यांच्या वायफायची गंमत अशी, की ते बाहेरच्या जगाशी बोलू देते. परंतु घरातल्या यंत्रांकडे बहुधा फिरकू देत नाही. आणि ते योग्यच आहे. ओसरीवर बसलेल्या पाहुण्याला आपण पाणी देतो, तिजोरी दाखवत नाही. फक्त येथे घरची सूनच ओसरीवर बसली होती.

तिला आत घेतले, म्हणजे घरच्या वायफायला जोडले, तरी मामांचे यंत्र दिसेना. अशा वेळी नावाने हाक न मारता आकड्याने मारावी. राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला एक आकडा देतो. तो फाइल एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा काढून त्यांच्यापुढे लिहायचा. आकड्याने फोल्डर उघडला आणि नावाने उघडला नाही, तर भांडण केवळ नावाचे आहे असे समजावे. दोन्हींनी उघडले नाही, तर समोरच्याने दार लावून घेतले आहे. आमचे दार लावलेलेच होते.

ते कोणी लावले? खुद्द मामांनी. राउटर नवा, म्हणून विंडोजला हे नेटवर्कही नवे वाटले, आणि त्याने मामांना विचारले, की या नेटवर्कवरच्या इतर यंत्रांना तुमचा संगणक दिसू द्यावा काय? ब्याऐंशी वर्षांच्या, वर्तमानपत्रात रोज फसवणुकीच्या बातम्या वाचणाऱ्या माणसाने याला 'नाही' हेच उत्तर द्यावे. ते दिल्याबरोबर विंडोजने ते नेटवर्क 'पब्लिक' ठरवले. म्हणजे मामांची आतली खोली त्याच्या लेखी एखादे रेल्वे स्टेशन झाली, आणि स्टेशनवर शहाणा माणूस ट्रंक उघडून बसत नाही. सेटिंगमध्ये जाऊन ते 'प्रायव्हेट' केले आणि 'नेटवर्क डिस्कव्हरी' व 'फाइल शेअरिंग' ही दोन कळसूत्रे सुरू केली. वहिनींच्या पडद्यावर मामांच्या संगणकाचे नाव उमटले, आणि नातवाने टाळी वाजवली.

टाळी जरा लवकर झाली. नावावर टिचकी मारताच यंत्राने विचारले, 'आपण कोण? परवलीचा शब्द काय?' वहिनींनी मामांचे नाव घातले आणि परवलीची जागा कोरी सोडली, कारण मामांच्या संगणकाला पासवर्ड मुळी नव्हताच. "घरात कोण चोर आहे?" हे मामांचे त्यावरचे भाष्य. मात्र विंडोजचा मूळचा नियम असा, की ज्या खात्याला पासवर्ड नाही त्याने त्या यंत्रासमोर बसूनच काम करावे, दुरून येऊ नये. (ज्यांच्या संगणकावर चार आकडी पिन आहे त्यांनीही हे ध्यानात ठेवावे. तो पिन त्या एका यंत्रापुरता. नेटवर्कवर त्याला कोणी ओळखत नाही.)

येथे नातवाने इंटरनेटवरून दोन उपाय शोधून आणले. एक, पासवर्डची अटच काढून टाका. दोन, 'एसएमबी १' नावाचे जुने काहीतरी सुरू करा. असले उपाय बऱ्याचदा चालतात, हीच त्यांची खोड. कुलूप उघडत नाही म्हणून दरवाजा बिजागरीसकट काढून ठेवला तर आत जाता येते, यात शंका नाही. मी दोन्हींना नकार दिला, आणि मामांनी चष्मा वर करून विचारले, "हे एसएमबी कोण? त्याचं कूळ काय?"

कुळाचा प्रश्न कुळवृत्तांतकारानेच विचारावा. मी सांगितले, की दोन संगणकांनी फाइली मागण्या-देण्याची ही एक बोली आहे. तिचा मूळ पुरुष बॅरी फायगेनबॉम, राहणार अमेरिका, नोकरी आयबीएममध्ये, काळ १९८३ च्या सुमाराचा. त्याने बोलीला प्रथम आपल्याच नावाची आद्याक्षरे दिली होती. ती पुढे बदलून एसएमबी झाली. मायक्रोसॉफ्टने ती वाढवली. दुसरी पिढी व्हिस्टाबरोबर आली, तिसरी २०१२ साली विंडोज ८ बरोबर. एक शाखा ऑस्ट्रेलियातही आहे. तेथे अँड्र्यू ट्रिजेल या गृहस्थाने ही बोली दुसऱ्या जातीच्या संगणकांना शिकवली, आणि एस, एम, बी ही अक्षरे त्याच क्रमाने असलेला शब्द कोशातून हुडकून तिचे नाव 'सांबा' ठेवले.

"वा!" मामा म्हणाले. "आणि पहिली पिढी?"

पहिल्या पिढीची हकिकत दुःखद आहे. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाची खंडणीखोर साथ याच पहिल्या पिढीतल्या एका दोषावर स्वार होऊन दीडशेच्या वर देशांत पसरली. इंग्लंडच्या सरकारी इस्पितळांत रोग्यांना परत पाठवावे लागले. दोषाची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती ते सापडले. त्याच वर्षीच्या शरदातल्या आवृत्तीपासून विंडोज १० नव्याने बसवले, तर ती पहिली पिढी आपोआप येत नाही. आणि मामांचे यंत्र विंडोज १० चे. त्याचा नेहमीचा सांभाळ कंपनीने ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवलेला. अशा यंत्राची दारे सताड उघडायला सांगणारा माणूस मला हितचिंतक वाटत नाही.

म्हणून सरळ मार्ग धरला. मामांच्या संगणकावर वहिनींच्या नावाचे एक वेगळे खाते काढले, त्याला चांगला पासवर्ड दिला, आणि वहिनींच्या संगणकाने जुने नाव-गाव लक्षात ठेवले होते ते 'क्रेडेन्शियल मॅनेजर'मध्ये जाऊन पुसले. एवढे झाल्यावर प्रश्न उरला परवानगीचा, आणि खरी अडचण येथे बसली होती.

विंडोजमध्ये ही परवानगी दोन ठिकाणी द्यावी लागते. एक फोल्डर शेअर करताना आणि दुसरी त्या फोल्डरच्या सुरक्षेच्या पानावर. दोन्हींत जी अधिक कडक, तीच लागू. सोसायटीच्या पहारेकऱ्याने सोडले तरी घराची कडी आतून असेल तर उपयोग नाही, तसे. परंतु कडक म्हणजे किती? नुसते वाचायचे, की बदलायचेही? मी माउस थांबवला आणि विचारले, "मामा, वहिनींना काय देऊ?"

"वाचू दे की," मामा म्हणाले.

वहिनी दारातच उभ्या होत्या. "नाना, तुम्हाला आता पडद्यावरचं नीट दिसत नाही. मी खुणा करायच्या आणि तुम्ही भिंग घेऊन उतरवायच्या, असं किती दिवस?" आणि थोडे थांबून, "शिवाय मला मुलींची पानं भरायची आहेत."

जुने कुळवृत्तांत ज्यांनी चाळले आहेत त्यांना मुलींची पाने म्हणजे काय ते सांगायला नको. मुलाखाली त्याची मुले, त्यांखाली नातवंडे, असा वंश पानेच्या पाने वाहतो. मुलीपाशी तिच्या सासरचे नाव येते आणि ओघ आटतो. मामांच्या वृत्तांतातही तसेच. त्या हिशेबाने मी स्वतः त्यात नाही. माझी आई आहे, एका ओळीत. वहिनींनी दोन वर्षे फोन करकरून सगळ्या लेकींची मुलेबाळे, शिक्षणे, गावे एका वहीत जमवली होती. ती वही त्यांच्या हातात होती.

मामा म्हणाले, "अगं, मी नाही म्हणत नाही. पण बारा वर्षांचं काम आहे. चुकून एक पान गेलं तर?"

ही भीती खोटी नव्हती, आणि तिच्यावर उपाय होता. बाहेरची एक डिस्क मामांच्या संगणकाला जोडून मी 'फाइल हिस्ट्री' सुरू केली. ती दर तासाला बदललेल्या फाइलींची प्रत बाजूला ठेवते. जुने पान हवे झाले तर तारीख पाहून परत आणता येते. मी मुद्दाम एक परिच्छेद पुसला, आणि तो मागच्या तासातून उचलून जागेवर आणून दाखवला. मामांनी तो प्रयोग मला पुन्हा करायला लावला. मग माउस माझ्या हातून घेतला, भिंग पडद्याला टेकवले, आणि बदल करण्याच्या परवानगीपुढच्या चौकोनात स्वतः खूण केली. वहिनी काही बोलल्या नाहीत. वही घेऊन बाहेर गेल्या.

मी निघेपर्यंत आणखी एक किरकोळ गोष्ट केली. मामा दुपारी आडवे झाले की त्यांचा संगणकही अर्ध्या तासात झोपी जायचा आणि फोल्डर पुन्हा नाहीसा व्हायचा. त्याची झोप बंद केली. मामांची करता येत नाही.

चपला घालताना आतून मामांचा आवाज आला. त्यांनी फाइल उघडली होती, आणि पडद्यावर सूचना आली होती, की ही फाइल सध्या अमुक यांच्याकडे उघडी आहे. हवी तर नुसती वाचायला घ्या, अथवा मोकळी झाली की कळवू. त्या अमुकच्या जागी वहिनींचे नाव होते. मामांनी ते एकदा मोठ्याने वाचले. मग बाहेरच्या खोलीच्या दिशेने विचारले, "सूनबाई, कोणापर्यंत आलीस?"

"आत्यांपर्यंत, नाना. त्या १९४८ ला गेल्या की ८४ ला?"

"अठ्ठेचाळीस," मामा म्हणाले. "पण थांब, त्यांची मुलगी मिरजेला दिली होती. मी येतो बाहेर."