न आठवणाऱ्या गोष्टींचे रेखाटन

आत्मचरित्रपर चित्रकथा, म्हणजे स्वतःचे आयुष्य चौकटींमध्ये रेखाटून सांगणारे कथन, रचताना खरी अडचण रेषेची नसते, आठवणीची असते. गद्यात ‘वडील संतापले’ एवढे लिहून पुढे सरकता येते. चित्रात मात्र ते उभे होते की बसलेले, अंगात कोणता सदरा होता, दिव्याचा उजेड कुठून पडत होता, हे ठरवल्यावाचून पेन्सिल पुढे जात नाही, आणि यांतले बहुतेक काही रेखाटणाऱ्याला आठवत नसते. जे आठवत नाही तेही चित्र ठामपणेच दाखवते. त्यामुळे त्या ठामपणातही शंकेला जागा कशी ठेवायची, हा या प्रकारातला कळीचा प्रश्न ठरतो.

अमेरिकन चित्रकथाकार अ‍ॅलिसन बेक्डेल यांनी ‘फन होम’ (2006) या पुस्तकावर सुमारे सात वर्षे काम केले. पेनसिल्व्हेनियातील एका छोट्या गावात इंग्रजी शिकवणाऱ्या आणि घरचा अंत्यविधीचा व्यवसाय सांभाळणाऱ्या वडिलांची, त्यांच्या लपवलेल्या समलैंगिकतेची आणि 1980मधील त्यांच्या मृत्यूची ही कथा आहे. बेक्डेल आधी संगणकावर मजकूर आणि चौकटींची मांडणी ठरवत. मग जवळजवळ प्रत्येक व्यक्तिरेखेची ढब स्वतः घेऊन आपोआप टिपणाऱ्या कॅमेऱ्याने छायाचित्र काढत, त्यावरून कच्चे रेखाटन करत, ते ट्रेसिंग पेपरवर सुधारत नेत आणि शेवटी शाईने पक्के करत. छायेसाठी पातळ शाईचे थर वेगळ्या कागदावर ब्रशने देत आणि संगणकावर ते रेषेशी जुळवत. यातली ढब घेण्याची पायरी केवळ शरीररचना अचूक यावी म्हणून होती असे मानले, तर तिचे अर्धे महत्त्व निसटते. कारण वडिलांसारखे उभे राहणाऱ्या मुलीला, त्या खांद्यांत किती ताण असावा याचा अंदाज आपल्या शरीरातच घ्यावा लागतो, आणि पानावर उतरतो तो हा अंदाज, प्रत्यक्ष वडील नव्हेत.

आर्ट स्पीगलमन यांच्या, वडिलांच्या आठवणींवर आधारलेल्या ‘माउस’ या चित्रकथेच्या दुसऱ्या खंडात (1991) हीच अडचण उघडपणे चित्राचा विषय होते. नाझींच्या ऑश्विट्झ छळछावणीच्या दाराशी कैद्यांचे वाद्यवृंद वाजत असल्याच्या नोंदी आहेत. स्पीगलमन यांच्या वडिलांना, जे स्वतः त्या दारातून गेले होते, कवायतीत चालणे तेवढे आठवते, वाद्ये आठवत नाहीत. एका चौकटीत वादक दिसतात, पुढे वडिलांचा नकार येतो, आणि नंतरच्या चौकटीत चालणाऱ्यांची रांग वादकांना इतकी झाकून टाकते की वाद्यांची टोके कशीबशी मागे उरतात. इतिहासाला खोटे न पाडता आणि वडिलांनाही खोटे न ठरवता दोन्ही साक्षी ज्या युक्तीने एकाच पानावर राहतात, ती शब्दांत साधणे कठीण होते.

‘फन होम’मध्ये शंकेची खूणसुद्धा रेखाटलेली आहे. लहान वयात बेक्डेल यांनी रोजनिशीतील साध्यासुध्या विधानांनाही अनिश्चितता दाखवणारे शब्द जोडायला सुरुवात केली, पुढे त्यांच्या जागी एक टोकदार चिन्ह आले आणि अखेरीस ते पूर्ण नोंदींवरून ओढले जाऊ लागले. ती पाने पुस्तकात जशी होती तशी छापलेली नाहीत, हाताने पुन्हा काढलेली आहेत. पत्रे आणि छायाचित्रे यांचेही तसेच. उलट निवेदनाचा मजकूर, जो सर्वांत वैयक्तिक असायला हवा, त्यांनी स्वतःच्या हस्ताक्षरावरून तयार केलेल्या संगणकीय अक्षरांत ठेवला. ही अदलाबदल वरवर उफराटी वाटते, पण तिला कारण आहे: मूळ पत्राची हुबेहूब प्रत पानावर डकवली असती तर ती पुरावा म्हणून उभी राहिली असती, तर नकलून काढलेले पत्र शेजारच्या चौकटीतल्या वडिलांइतकेच त्याच हातातून गेलेले दिसते, आणि वाचक त्याकडेही तितक्याच सावधपणे पाहतो.