मागच्या बाजूचा मजकूर

भाच्यानं कार्ड हातात दिलं आणि मी आधी अंगठ्यानं कापड चाचपून पाहिलं. शिंप्याच्या पोराची सवय, जात नाही. पुढे फलंदाजाचं चित्र, चित्राच्या खाली नखाएवढी चौकोनी खिडकी, खिडकीत राखाडी पॉलिएस्टर. बनियनच्या कापडासारखी गुंफण. उजव्या कडेला मात्र लाल दोऱ्याचा दीड टाका, कुठल्या तरी अक्षराच्या काठावरचा.

“मामा, तो टाका बघ. पैसे त्याचे आहेत. नुसतं राखाडी असतं तर कुणी पाच डॉलर पण दिले नसते.”

न्यू जर्सीतल्या एडिसनला राहायला येऊन मला बावीस वर्षं झाली. बेसबॉल अजून नीट कळत नाही. टाका कळतो.

*

प्रकार असा. खेळाडूनं सामन्यात घातलेला शर्ट कार्ड छापणारी कंपनी विकत घेते: संघाकडून, लिलावातून, नाहीतर व्यापाऱ्याकडून. तो साच्यानं ठोकून त्याचे सारखे चौकोन पाडतात. कार्ड एकसंध नसतंच. वर खिडकी कापलेला छापील पुठ्ठा, मध्ये तुकडा बसेल अशी खाच, खाली पाठीचा पुठ्ठा, आणि सगळं डिंकानं चिकटवलेलं. मग ते इतर साध्या कार्डांबरोबर पाकिटात जातं. कुणाच्या पाकिटात निघेल ते नशीब.

शर्टाबरोबर बॅट, हातमोजे, टोप्या, बेस, चेंडूचं कातडं, स्टेडियमच्या जुन्या खुर्च्या, सगळंच कापून झालंय. बॅटची चकती निघाली तर लाकडाच्या रेषा बघाव्यात. अॅशच्या रेषा ठळक असतात, मेपलच्या जवळजवळ दिसत नाहीत.

*

सुरुवात बेसबॉलनं केली नाही. 1996 मध्ये मोटार शर्यतींच्या कार्डांत टायरचे तुकडे आले. बेसबॉलचा शर्ट आला 1997 मध्ये, अप्पर डेक या कॅलिफोर्नियातल्या कंपनीच्या कार्डांत. तीनच खेळाडू: केन ग्रिफी ज्युनियर, टोनी ग्विन आणि रे ऑर्डोनेझ. आठशे पाकिटांमागे एक कार्ड. त्या वेळी कापड दिसलं की लोकांचे डोळे विस्फारत. पुढच्या दहाएक वर्षांत कंपन्यांनी इतकी कापाकापी केली की साधा पांढरा चौकोन लागला तर पोरं तोंड वाकडं करू लागली. आता रंग दोन-तीन हवेत, शिवण हवी, जमलंच तर गळ्यामागची धुण्याच्या सूचनांची पट्टी हवी. आमच्या दुकानात जे कातरणाच्या पिशवीत जायचं, त्याला इथं सगळ्यात जास्त भाव.

*

जाड कार्डानं एक गंमत केली. पोरं दुकानात पाकिटं चाचपू लागली. काही बहाद्दर खिशातून छोटा वजनकाटा काढायचे. कापडवालं पाकीट जाड लागतं, जडही. तेवढी उचलली की उरलेली साधी पाकिटं पुढच्या भाबड्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात. उपाय म्हणून कंपन्यांनी साध्या पाकिटांत तेवढ्याच जाडीचा कोरा पुठ्ठा घालायला सुरुवात केली. म्हणजे फसवणूक टाळण्यासाठी कंपनीनंच खोटं जाड कार्ड घालायचं. दुधात पाणी घालणाऱ्याला पकडायला सगळ्याच कॅनमध्ये पाणी घातल्यासारखं.

*

बेब रूथचा शर्ट. रूथ म्हणजे बेसबॉलमधला दंतकथा झालेला फलंदाज.

1925 च्या हंगामातला, लोकरी फ्लॅनेलचा. डॉनरस-प्लेऑफ कंपनीनं तो 2003 मध्ये लिलावात 2,64,210 डॉलरना घेतला आणि 2,100 तुकडे करायचं ठरवलं. मी कागदावर भागाकार केला: तुकड्याला सव्वाशे डॉलर. बाबा असते तर पुढचा प्रश्न त्यांनीच विचारला असता, कातरण किती गेलं?

गंमत म्हणजे 1925 हे रूथचं भिकार वर्ष. पोटाच्या दुखण्यानं आडवा, शस्त्रक्रिया, जूनपर्यंत मैदानात नाही. 98 सामने, 25 होम रन. इतर कुणासाठी हे बरं झालं असतं. त्याच्यासाठी ती नामुष्कीच. पण कापडाला काय कळतंय हंगाम चांगला की वाईट.

त्याआधी 1999 मध्ये अप्पर डेकनं रूथची एक तडा गेलेली बॅट कापली, तेव्हाही गदारोळ झाला होता. एक बाजू म्हणे, हा अपराध आहे. दुसरी म्हणे, एका श्रीमंताच्या तिजोरीत पडून राहण्यापेक्षा तीनचारशे घरांत एकेक तुकडा गेला तर बिघडलं काय?

मला दुसरी बाजू पटत नाही, निदान रूथच्या बाबतीत. तुकडा घरोघरी जातो, शर्ट कुणाच्याच घरी जात नाही. शर्ट म्हणजे बेत: छाती किती, बाही किती, हा माणूस केवढा होता. रूथच्या पोटाचा घेर त्या कापडावर होता. एक इंच चौकोनावर तो कुठून दिसणार? हल्लीच्या खेळाडूंचं निराळं. एका हंगामात त्यांच्या अंगावरून इतके शर्ट जातात की एखाददुसरा कापला तर मी डोळ्यांतून पाणी काढणार नाही.

*

पट्टे जुळवणे. उभ्या पट्ट्यांचा शर्ट असेल तर बाबा खिसा असा लावत की खिशाचा पट्टा छातीच्या पट्ट्यात विरघळून जावा. पट्टा हलला की गिऱ्हाईक शर्ट परत करायचं, आणि बाबा निमूट उसवायचे.

इथं उलटं. न्यूयॉर्क यँकीजचा घरच्या मैदानावरचा शर्ट पांढरा, त्यावर निळसर काळे उभे पट्टे. कारखान्यात इतकं जुळवत कोण बसतंय? त्यामुळे पट्टा शिवणीला कुठे भेटतो, छातीवरच्या चिन्हाच्या कुठल्या टोकाला शिवतो, हे प्रत्येक शर्टाचं वेगळं. सामन्यातले फोटो मोठे करून ही भेट तपासतात आणि सांगतात, हाच तो शर्ट, त्याच दिवशीचा. या कामाच्या वेगळ्या कंपन्या आहेत. डाग, फाटका धागा, तिरपा पडलेला आकडा, सगळं साक्षीला येतं. शिंप्याची चूक हीच कपड्याची ओळख.

आणि मग तोच शर्ट चौकोनांत कापतात. पट्टा शिवणीला भेटायची जागाच राहत नाही. मधल्या पांढऱ्या तुकड्याला फोटोत कसं शोधणार? कापड मुकं होतं, आणि पुढे बोलायचं काम कार्डाच्या मागच्या बाजूला छापलेल्या चार ओळी करतात.

*

त्या चार ओळी वाचायला शिकलो तो याच भाच्याकडून. ‘सामन्यात वापरलेलं’ एक. ‘खेळाडूनं घातलेलं’ दुसरं. घातलेलं म्हणजे नवख्या खेळाडूंना एका दिवशी हॉटेलात बोलवायचं, शर्ट अंगात, शर्ट बाहेर, पुढचा शर्ट अंगात. घामसुद्धा येत नाही. खोटं काहीच नाही, घातला होताच. आणि तिसरा प्रकार, ज्यात टॉप्ससारखी कार्ड कंपनी स्वच्छ छापते की आतली वस्तू कुठल्याही विशिष्ट सामन्यातली, प्रसंगातली वा हंगामातली नाही.

हे वाक्य मी तीनदा वाचलं. कुठल्याच सामन्यातली नाही, कुठल्याच प्रसंगातली नाही, कुठल्याच हंगामातली नाही. मग आहे काय? कापड आहे.

कंपन्यांचीही बाजू आहे. त्यांनाच लोकांनी गंडवलं होतं. इलिनॉयच्या संघीय न्यायालयात 2011-12 च्या सुमारास खटले उभे राहिले: नवे शर्ट घ्यायचे, मळवायचे, विटवायचे, वापरलेले म्हणून कार्ड कंपन्यांना विकायचे. नवीन कपडा जुना दिसावा म्हणून राबणारे कारागीर! आमच्या पेठेत सगळा जन्म याच्या उलट्या कामात गेला.

*

टोनी ग्विन पुन्हा येतो. पहिल्या तीन शर्टवाल्यांपैकी एक, सॅन डिएगो पॅड्रेसचा. नव्वदच्या दशकात त्याला स्वतःच्याच संघाच्या दुकानात आपल्या सहीच्या वस्तू दिसल्या आणि लक्षात आलं, ही सही माझी नाही. एफबीआयनं बनावट सह्यांच्या टोळ्यांवर मोठी मोहीम चालवली, ती याच शहरातून. त्यानंतर मेजर लीग बेसबॉलनं 2001 मध्ये स्वतःची खातरजमेची व्यवस्था उभी केली. प्रत्येक सामन्याला निदान एक माणूस हजर, तोही आजी किंवा माजी पोलीस. वस्तू नजरेसमोरून हलली नाही तरच तो तिच्यावर क्रमांकाचा चमकता स्टिकर लावतो. चेंडू प्रेक्षकांत गेला, दोन क्षण दिसेनासा झाला, की संपलं. पकडणाऱ्यानं शपथ घेतली तरी स्टिकर नाही. (म्हणून मोठे विक्रम जवळ आले की आधीच खुणा केलेले चेंडू खेळात आणतात.)

हे मला आवडलं. पंचनामा आधी, भक्ती नंतर.

*

टॉप्स या कार्डांना ‘रेलिक’ म्हणते. शब्द चर्चमधला. गोव्याच्या बोम जेझू बॅसिलिकात सेंट झेवियरचं शव आहे, दर दहा वर्षांनी दर्शनाला खाली आणतात; मागचं दर्शन नोव्हेंबर 2024 ते जानेवारी 2025. त्याचा उजवा हात 1614 मध्ये रोमला नेला. कॅथलिक परंपरेत अवशेषांची प्रत लावलेली आहे: संताचं शरीर पहिल्या प्रतीचं, त्यानं वापरलेलं वस्त्र दुसऱ्या प्रतीचं, आणि या दोहोंना टेकवलेलं काही असेल तर तिसऱ्या. त्या हिशेबानं भाच्याचं कार्ड दुसऱ्या प्रतीत बसतं. हॉटेलात घालून काढलेला शर्ट कुठल्या प्रतीत धरायचा, हे पाद्रीबाबांना विचारावं लागेल.

*

लॉस एंजेलिस डॉजर्सच्या शोहेई ओतानीनं 19 सप्टेंबर 2024 ला मायामीत हंगामातले पन्नास होम रन आणि पन्नास चोरलेले बेस असा आकडा गाठला. त्या सामन्यातल्या कापडाचं एक कार्ड दहा लाख डॉलरच्या वर गेलं. कापड शर्टाचं नव्हे, पँटचं.

*

2023 पासून एक शहाणपणाची गोष्ट सुरू झाली आहे. पहिलाच सामना खेळणाऱ्या खेळाडूच्या बाहीवर पदार्पणाचा बिल्ला शिवतात. सामना संपला की बिल्ला उसवतात, स्टिकर लागतो, आणि तो सहीसकट एका कार्डात जातो. एकच कार्ड, दुसरं नाही. शर्ट शाबूत. बाबांना पटलं असतं: कापू नका, उसवा.

पिट्सबर्ग पायरेट्सचा पिचर पॉल स्कीन्स 11 मे 2024 ला पहिल्यांदा उतरला. त्याचं कार्ड कुणाच्या पाकिटात आहे याचा शोध सुरू झाला, तेव्हा संघानं जाहीर केलं, कार्ड आम्हाला द्या, होम प्लेटच्या मागच्या दोन खुर्च्या तीस वर्षं तुमच्या. नाताळच्या सकाळी कॅलिफोर्नियातल्या अकरा वर्षांच्या मुलाच्या पाकिटात ते निघालं. घरच्यांनी खुर्च्या नाकारल्या. मार्च 2025 मध्ये लिलावात 11 लाख 10 हजार डॉलर. घेणारा खेळाच्या सामानाच्या दुकानांचा व्यवसाय.

भाचा म्हणाला, मी खुर्च्या घेतल्या असत्या. त्याची आई म्हणाली, तू गप्प बस.

*

मेजर लीगच्या चेंडूवर 108 दुहेरी टाके असतात, हातानं घातलेले. आकडा ऐकून आईनं हात जोडले. खेळायला घेण्याआधी प्रत्येक नव्या चेंडूला चिखल चोळतात, म्हणजे चकाकी जाऊन पकड येते. चिखल आमच्याच न्यू जर्सीचा, डेलावेअर नदीच्या एका फाट्याच्या काठचा. चिखल पुरवणाऱ्या कुटुंबानं जागा गुप्त ठेवली आहे.

*

गेल्या रविवारी माळ्यावरची पेटी काढली. बाबांची बिलबुकं, कराडहून आणलेली. त्या वेळची पद्धत अशी: गिऱ्हाइकानं कापड दिलं की कडेच्या मायेतून बोटभर तुकडा कापायचा आणि बिलाला टाचणीनं टोचायचा. नाव, माप, तारीख, तुकडा. चार गिऱ्हाइकांचं एकाच ताग्यातलं पांढरं टेरिकॉट आलं तर घोळ नको.

भाच्याच्या हातात एक बिल दिलं. निळं पॉपलीन, अजून रंग धरून. टाचणीचा गंज कागदावर उतरलेला. छाती 38, बाही 23, गळा 15, ऑगस्ट 1984. त्यानं कापडाला हात न लावता बिल सरळ उलटं केलं, मागची बाजू बघायला.

मागे बाबांच्या अक्षरात, पेन्सिलनं: गणपतीच्या आधी पाहिजे.